खिडकीतली काळी धूळ आणि तिचा हिशोब



माझी मावशी लग्न होऊन सावंतवाडीहून वास्कोला गेली, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. दर भारतवारीत तिच्याकडे दोन दिवस तरी जाणं होतंच. तिच्या घरात एक नेम आहे. सकाळचा चहा झाला की ती ओल्या फडक्याने खिडकीची पट्टी पुसते, फडकं बादलीत पिळते आणि पाणी काळं झालं की नाही ते बघते. पावसाळ्यात नाही होत. दिवाळी उलटली, वारा कोरडा झाला की होतं. मागच्या खेपेला मी विचारलं, "मावशी, हे बंदरावरच्या कोळशाचं का गं?" ती म्हणाली, "कोळसो काय नि रस्त्याचो धुरळो काय, कोण सांगतलो गो? काळा दिसता म्हणान काळा म्हणतंय."

मी इंजिनियर. हवेतल्या कणांची मोजमापं करणाऱ्या यंत्रांशी माझा रोजचा संबंध. तरी मावशीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत आल्यावर लक्षात आलं की हाच प्रश्न माझ्या मेरीलँडच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, बाल्टिमोरच्या दक्षिण टोकाला कर्टिस बे नावाच्या वस्तीत लोक कित्येक वर्षं विचारत होते. आणि त्यांनी त्याचं उत्तर मिळवलंसुद्धा. ते कसं मिळालं, आणि कोळशाच्या धुळीचा हिशोब आजवर कोणी, कधी आणि कशासाठी ठेवला, ते आज सांगावंसं वाटतंय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी थोडा इतिहास. कोळशाची बंदरं बरीचशी एकाच काळात उभी राहिली आणि ती उभी केली रेल्वेने. पोकाहोन्टासच्या खाणीतला कोळसा नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने व्हर्जिनियातल्या नॉरफोकला पहिल्यांदा आणला तो मार्च १८८३ मध्ये. नंतर तिथेच लॅम्बर्ट्स पॉइंटचे धक्के झाले. खाडीच्या पलीकडे न्यूपोर्ट न्यूज हे शहरच मुळी कॉलिस हंटिंग्टनच्या रेल्वेने वसवलं, तेही १८८० च्या दशकात आणि तेही कोळशासाठी. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने कर्टिस बेला कोळशाचा धक्का बांधला तो त्याच दशकात. आणि गंमत बघा, गोव्यात पोर्तुगीज अमदानीत इंग्रजांच्या भांडवलावर मुरगावचं बंदर आणि घाटावर जाणारी रेल्वे झाली, तीही त्याच दशकात. मुरगावला कोळशाचे ढीग पुष्कळ नंतर आले, पण आराखडा सगळीकडे सारखा : डोंगरातून येणारा रूळ, त्याच्या टोकाला धक्का, आणि धक्क्याला चिकटून कामगारांची वस्ती. त्या काळी कामावर पायी जावं लागे, त्यामुळे वस्ती जवळ असणं ही सोय होती. पुढे धक्के यंत्रांचे झाले, कामगार कमी लागू लागले, आणि वस्ती मात्र ढिगाच्या सावलीत राहिली. अमेरिकेत अशा वस्त्यांत पुढे कोण उरलं हे सांगायला नको. ज्यांना दुसरीकडे घर परवडलं ते गेले. लॅम्बर्ट्स पॉइंट आणि न्यूपोर्ट न्यूजचा आग्नेय भाग या मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्या आहेत. कर्टिस बे गोऱ्या कामगारांची होती, आता मिश्र आहे, आणि गरीब आहे.

आता धूळ होते कशी ते बघू. खाणीतून आलेली वाघिण धक्क्याजवळ अख्खी उलटी केली जाते. कोळसा खाली पडतो. तिथून पट्ट्यावर, पट्ट्यावरून ढिगावर, ढिगावर बुलडोझर, परत पट्ट्यावर, आणि शेवटी जहाजाच्या पोटात. प्रत्येक वेळी कोळसा उंचावरून पडतो आणि फुटतो. मोठे कण जवळच बसतात. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण वाऱ्याबरोबर जातात, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. (आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.) उपाय गुपित नाहीत. पाणी मारणं, फवारे, झाकलेले पट्टे, वारा अडवणारी उंच जाळी, आणि सर्वांत खात्रीचा म्हणजे ढिगावर छप्पर. सर्वांत स्वस्त पाणी, सर्वांत महाग छप्पर. बहुतेक ठिकाणी काय वापरलं जातं ते तुम्हीच ओळखा.

कायद्याची अडचण अशी की हवेच्या प्रदूषणाचे कायदे प्रामुख्याने धुराडं डोळ्यासमोर ठेवून झाले. धुराड्याच्या तोंडाशी नळी लावली की आकडा मिळतो. ढिगाला तोंड कुठे असतं? वारा जिकडे तिकडे धूळ. त्यामुळे बंदराकाठच्या माणसाने तक्रार केली की तिची नोंद "उपद्रव" अशी होते, म्हणजे शेजाऱ्याचा मोठ्याने लावलेला रेडिओ आणि ही धूळ एकाच खात्यात.

धूळ मोजता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये, कारण याच कोळशाची धूळ दोन ठिकाणी अगदी काटेकोर मोजली गेली आहे.

पहिलं ठिकाण खाण. खाणकामगारांच्या फुप्फुसाचा काळा रोग पिढ्यान् पिढ्या माहीत होता आणि पिढ्यान् पिढ्या डॉक्टर त्याला दमा म्हणत होते. २० नोव्हेंबर १९६८ ला वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला, ७८ माणसं गेली. पुढच्या फेब्रुवारीत त्या राज्यातले हजारो खाणकामगार काम सोडून रस्त्यावर आले, त्यांची मागणी काळ्या फुप्फुसाच्या भरपाईची होती. ३० डिसेंबर १९६९ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खाण-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली आणि खाणीतल्या हवेत किती धूळ चालेल याचा आकडा पहिल्यांदा देशभर लागू झाला : आधी घनमीटरला ३ मिलिग्रॅम, १९७२ च्या अखेरीस २, आणि २०१६ पासून दीड. आकडा पाळला जातो की नाही यावर भांडणं चालू राहिली, पण भांडायला आकडा तरी होता.

दुसरं ठिकाण रूळ. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यातून कोळशाच्या गाड्या अहोरात्र निघतात. तो कोळसा पूर्वेकडच्यापेक्षा ठिसूळ. मे २००५ मध्ये तिथल्या मुख्य मार्गावर पाठोपाठ दोन गाड्या घसरल्या. शोध घेतला तर रुळांखालच्या खडीत वर्षानुवर्षं कोळशाची पूड बसलेली, पावसाने तिचा चिखल झालेला आणि खडीची पकड गेलेली. मग रेल्वे कंपनीनेच मोजायला घेतलं. तिचा स्वतःचा अंदाज असा आला की भरलेल्या एका वाघिणीतून एका प्रवासात सव्वादोनशे किलोपासून जवळजवळ टनापर्यंत कोळसा उडून जाऊ शकतो! एका गाडीला शंभरावर वाघिणी असतात, गुणाकार तुम्ही करा. कंपनीने नियम केला : ढिगाला वरून गोलसर आकार द्या, त्यावर चिकट द्रव फवारा, आणि उडणारी धूळ किमान ८५ टक्के कमी करा. कोळसा पाठवणारे भांडले, प्रकरण केंद्रीय मंडळाकडे गेलं, आणि २०११ मध्ये मंडळाने मान्य केलं की कोळशाची धूळ रुळाखालच्या खडीला घातक आहे.

म्हणजे बघा. खडीला घातक आहे हे सिद्ध करायला सहा वर्षं पुरली. रुळाशेजारी आणि बंदराशेजारी राहणाऱ्या माणसाला घातक आहे का, याला सव्वाशे वर्षं झाली तरी "अजून पुरावा हवा". कारण उघड आहे. गाडी घसरली की नुकसान कंपनीच्या वहीत चढतं. मावशीच्या फडक्याचा खर्च कुणाच्याच वहीत चढत नाही. वायोमिंगचा तो नियमही तिथल्या खाणींतून भरल्या जाणाऱ्या कोळशापुरता. ज्याचं नुकसान होतं त्याने वही ठेवली तरच हिशोब होतो, असं मला या सगळ्यावरून वाटायला लागलंय. कर्टिस बेमध्ये नेमकं तेच घडलं.

या वस्तीने बरंच पाहिलंय. १९१८ मध्ये ती बाल्टिमोर शहरात सामील झाली. आजूबाजूला तेलाच्या टाक्या, रसायनांचे कारखाने, इस्पितळांतला कचरा जाळणारी भट्टी आणि कोळशाचा धक्का. त्यात २०१० च्या सुमारास एका खाजगी कंपनीला तिथेच रोज चार हजार टन कचरा जाळून वीज करणारं अवाढव्य यंत्र उभं करायची परवानगी मिळाली. बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलच्या मुलांनी, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी, त्याविरुद्ध गट केला. नाव 'फ्री युवर व्हॉइस'. त्यांनी दारोदार जाऊन माहिती गोळा केली, त्या यंत्राची वीज घ्यायला कोण कोण तयार झालंय ते शोधलं, आणि त्या गिऱ्हाइकांपुढे जाऊन बोलले. त्यात शाळा चालवणारं मंडळ होतं! एकेक गिऱ्हाईक मागे सरलं. मार्च २०१६ मध्ये राज्याने ती परवानगी संपल्याचं जाहीर केलं. त्या गटातल्या डेस्टिनी वॉटफोर्डला त्याच वर्षी गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

मग आला ३० डिसेंबर २०२१. (निक्सनच्या सहीला त्या दिवशी बरोबर बावन्न वर्षं झाली. निव्वळ योगायोग, पण माझ्या डोक्यातून जात नाही.) भर सकाळी, साडेअकराच्या सुमाराला, सीएसएक्स कंपनीच्या कोळशाच्या धक्क्यावर ढिगाखालच्या बोगद्यात स्फोट झाला. कोंडलेला मिथेन आणि कोळशाची पूड हे जुनं, खाणवाल्यांच्या पुरतं ओळखीचं मिश्रण. वस्तीतल्या घरांच्या काचा फुटल्या, घरं हादरली, रस्ते आणि गाड्या काळ्या पडल्या. जिवावर कुणाच्या बेतलं नाही हे नशीब. कामगार-सुरक्षा खात्याने पुढे कंपनीला सुमारे १ लाख २१ हजार डॉलर्सचा दंड प्रस्तावित केला. आपल्या हॉवर्ड काउंटीत एवढ्या पैशात घराचं वीस टक्के डाउन पेमेंटसुद्धा जेमतेम होतं.

स्फोटाची बातमी दोन दिवस चालली. वस्तीतल्या लोकांचं म्हणणं वेगळं होतं : स्फोट एका दिवसाचा, धूळ रोजची. उत्तर नेहमीचं मिळालं. ही धूळ कोळशाची कशावरून? इथून डिझेलचे ट्रक जातात, हायवे आहे, कारखाने आहेत. म्हणजे अगदी माझ्या मावशीचाच प्रश्न, फक्त विचारणाऱ्याचा हेतू वेगळा.

आणि प्रश्न खरा आहे, हे आपण इंजिनियर लोकांनी मान्य करायला हवं. साधं यंत्र कण मोजतं, कण कशाचा ते सांगत नाही. मग वस्तीची संघटना, शाळेतली मुलं, जॉन्स हॉपकिन्स आणि युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडचे संशोधक आणि राज्याचं पर्यावरण खातं असे सगळे एकत्र बसले. वस्तीभर हवा मोजणारी यंत्रं बसवली. शिवाय घरांजवळ, शाळेजवळ, देवळाजवळ बसणारी धूळ चिकट पट्टीवर गोळा करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेली. तिथे चेहरे वेगळे दिसतात. कोळशाचा कण धारदार कोनांचा, फुटलेल्या काचेसारखा, जवळपास सगळा कार्बन आणि त्यात थोडं ॲल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक. डिझेलची काजळी म्हणजे अतिसूक्ष्म गोळ्यांचे द्राक्षासारखे घोस. टायरची आणि रस्त्याची धूळ आणखी वेगळी. डिसेंबर २०२३ मध्ये अहवाल आला. जिथे जिथे नमुने घेतले होते त्या सगळ्या जागी कोळशाची धूळ सापडली. हे म्हणणाऱ्यांत राज्याचं खातंही होतं, हे महत्त्वाचं. पुढच्या अभ्यासात त्यांनी धक्क्याकडे तोंड करून कॅमेरे लावले, आणि ढिगावर बुलडोझर चालू असताना वारा वस्तीकडे असेल तर यंत्रांचे आकडे चढतात हेही दाखवलं.

म्हाताऱ्या बायका खिडकीवर बोट फिरवून जे दाखवत होत्या, तेच. फक्त आता त्याला कागद मिळाला.

कागद मिळाल्याने ढीग हलले का? नाही. झाकलेही गेले नाहीत अहवाल आल्या आल्या. पण बोलणं बदललं. "धूळ आमची नाहीच" हे वाक्य संपलं आणि "किती चालेल, काय अडवायचं, परवान्यात काय लिहायचं" इथून बोलणं सुरू झालं. माझ्या मते हा फरक लहान नाही. स्फोटांची गोष्टही संपली नाही म्हणा. १८ ऑगस्ट २०२५ ला बाल्टिमोरहून कोळसा भरून निघालेल्या 'डब्ल्यू-सफायर' या जहाजावर, पडलेल्या की ब्रिजच्या जवळच, स्फोट झाला. माणसं वाचली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, आपला काय संबंध? संबंध असा की हा कोळसा जातो कुठे ते बघा. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत अमेरिकेच्या निर्यात कोळशाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक भारत होतं. बाल्टिमोर हे हॅम्प्टन रोड्सच्या खालोखाल कोळसा-निर्यातीचं बंदर, आणि इथल्या कोळशाचा मोठा भाग भारतातल्या वीटभट्ट्या आणि सिमेंट कारखान्यांकडे जातो. २६ मार्च २०२४ ला की ब्रिज पडला, बंदर बंद झालं, तेव्हा उत्तर भारतातल्या वीटभट्टीवाल्यांना घोर लागला होता. आपल्यापैकी कितीजणांनी पुण्या-ठाण्यात फ्लॅट बुक केलेत? सिमेंट कुठल्या आगीवर भाजलं ते कोण विचारतं?

कर्टिस बेचा कोळसा वास्कोला उतरतो असं मी म्हणत नाही. मुरगावला येतो तो मुख्यतः पोलाद कारखान्यांचा कोळसा, बराचसा ऑस्ट्रेलियाचा, आणि तो घाट चढून कर्नाटकात बळ्ळारीकडच्या भट्ट्यांना जातो. पण गोष्टीचा सांगाडा तोच आहे. मुरगाव हे अनेक दशकं लोहखनिजाचं बंदर. कोळसा होता, पण त्याचा जोर वाढला तो या शतकात. २००४ मध्ये एक खाजगी धक्का सुरू झाला, २०१४ च्या सुमारास दुसरा. मधे सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, खनिजाची निर्यात आटली आणि बंदराच्या उत्पन्नाचा भार कोळशावर आला. धक्क्यापासून शहर किती लांब? सडा, बायणा, खारीवाडा, मांगोर हिल : ज्यांनी वास्को पाहिलंय त्यांना माहीत आहे की लांब हा शब्दच तिथे लागू पडत नाही. दुपारचा समुद्रावरचा वारा बंदरावरून सरळ गावात.

२०१७ च्या एप्रिल-मे मध्ये बंदराच्या विस्तारावर वास्कोत जनसुनावण्या झाल्या. त्या ठरल्यापेक्षा लांबल्या, दिवसच्या दिवस चालल्या. मासेमार, निवृत्त शिक्षक, डॉक्टर, गृहिणी एकेक उठून बोलत होते. मावशी गेली होती, बोलली नाही, पण शेवटपर्यंत बसली. २०१८ च्या सुरुवातीला राज्याच्या प्रदूषण मंडळाने एका खाजगी धक्क्याचा परवाना अडवला. मंजुरीपेक्षा जास्त कोळसा हाताळल्याचा ठपका होता. काही महिन्यांनी काम परत सुरू झालं. पुढे मंडळाने वास्कोतली धूळ कुठकुठल्या स्रोतांतून येते ते शोधण्याचं काम मुंबईच्या आय.आय.टी.कडे दिलं. म्हणजे "कोण सांगतलो गो?" हा प्रश्न तिथेही शेवटी प्रयोगशाळेच्या दारात गेला.

मग रूळ. घाटातला लोहमार्ग दुपदरी करायचं ठरलं, आणि लोकांना वाटलं की हे प्रवाशांपेक्षा कोळशासाठी आहे. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदोरला हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन रुळांवर बसली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये घाटातल्या दुपदरीकरणाविरुद्ध मत दिलं, आणि ९ मे २०२२ ला न्यायालयाने मोले अभयारण्याच्या पट्ट्यातल्या त्या कामाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. हवं तर नीट अभ्यास करून पुन्हा या, असं रेल्वेला सांगितलं. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा : आधी मोजा.

दुसरी बाजू लिहिली नाही तर ते अप्रामाणिक होईल. बंदरावर माणसं पोट भरतात. माझा मावसभाऊ मला तोंडावर म्हणाला, "ताई, तुम्ही तिकडे मोठ्या गाड्या चालवता, एसीत बसता आणि आम्हाला पोलाद नको म्हणता?" त्याला मी काय सांगणार? भारताला पोलाद लागणार, आणि सध्या तरी ते मोठ्या प्रमाणावर कोळशाशिवाय होत नाही. कर्टिस बेमध्येही धक्क्यावर काम करणारे लोक त्याच गावात राहतात आणि त्यांची मुलंही तीच हवा घेतात. पण मी त्याला एक विचारलं : छप्पर घातल्याने पोलाद कमी होतं का? वारा अडवणारी जाळी लावल्याने जहाज यायचं थांबतं का? खर्च वाढतो, एवढंच. आणि आज तो खर्च कोण भरतंय? तो हसला आणि म्हणाला, "आई भरते. फडक्याने." त्यानंतर आमचं भांडण झालं नाही.

आकड्यांची एक गंमत सांगते. दहा मायक्रॉनच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा अमेरिकेत घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम. भारताच्या २००९ च्या मानकांत ती आहे १००. म्हणजे कागदावर मावशीचा कायदा माझ्यापेक्षा कडक आहे! फरक पडतो तो यंत्र कुठे बसवलंय, कोण वाचतंय आणि वाचलेलं कुणाला दाखवतंय यात.

म्हणून येत्या डिसेंबरात जाताना एक लहानसं काम करणार आहे. दोन-अडीचशे डॉलर्सना मिळणारं, घराबाहेर लावायचं हवामापक यंत्र मावशीच्या गॅलरीत लावायचं. त्याच्या मर्यादा आधीच सांगते, नाहीतर आपल्यातले जाणकार माझे कान धरतील : ही लेसरवाली यंत्रं बारीक कण बरे मोजतात, पण कोळशाच्या धुळीत जाड कण खूप, ते त्यांना धड दिसत नाहीत. आकडा कमी येईल. कोर्टात तो चालणार नाही. तरीपण कुठल्या दिवशी, कुठल्या वाऱ्याला वाढ होते एवढं त्यातून कळतं, आणि कर्टिस बेची सुरुवातही अशीच झाली होती. सोबत काचेच्या पट्ट्या आणि चिकट पट्टी नेते आहे. खिडकीतली धूळ, रस्त्याकडेची धूळ आणि गावाच्या पलीकडच्या बाजूची धूळ, तीन वेगवेगळे नमुने, तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहून. सूक्ष्मदर्शक तिथल्या एखाद्या कॉलेजात मिळवायचा. आपल्यापैकी कुणाची गोव्यात रसायनशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्यांशी ओळख असेल तर जरूर कळवा. नॉरफोक-न्यूपोर्ट न्यूजकडे कुणी राहत असेल तर तुमच्याकडचं काय ते लिहा. सिंगापूर, दुबई, ऑस्ट्रेलियातल्या मंडळींपैकी जहाजधंद्यात असणाऱ्यांनी झाकलेले ढीग प्रत्यक्ष कुठे पाहिले असतील तर खर्चाच्या अंदाजासकट सांगा. माझ्या मावसभावाला दाखवायचंय.

कदाचित कळेल की मावशीच्या फडक्यावरचं काळं निम्मं ट्रकचं आहे. कळू दे. जे आहे ते कळू दे. फोनवर तिला हा बेत सांगितला, तर म्हणाली, "ये तू. पण मी सकाळी फडको मारतलंय, तुझ्या यंत्रासाठी थांबूचंय नाय." मी म्हटलं, एक दिवस थांब. ती म्हणाली, "एकच दिवस हां."

तेव्हा माझ्याकडे एक दिवस आहे. असो.

आकड्यांत कुठे चूक आढळली तर जरूर दाखवा, दुरुस्त करते. चूभूद्याघ्या.

आपली,
एक मेरीलँडकर